देवाचा दाखला

गणपती दूध प्यायले, त्याला 21 सप्टेंबर 2025 रोजी तीस वर्षं झाली. त्याच आठवड्यात मी सांगलीला बहिणीकडे होतो आणि तिच्या सोसायटीत नवरात्राचं व्याख्यान होतं. वक्ते निवृत्त इंजिनिअर, विषय परंपरांमागचं विज्ञान. घंटेच्या नादाने जंतू मरतात, प्रदक्षिणेने अंगातलं चुंबकत्व ताळ्यावर येतं, आणि मधूनमधून तोंडी लावायला 'क्वांटम'. पडद्यावर एक आलेख आला. रेघ झोकात वर चढत होती. आडव्या अक्षावर आरतीची मिनिटं होती. उभ्या अक्षावर काय मोजलंय, ते लिहिलेलंच नव्हतं. टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो. नंतर साबुदाण्याची खिचडी होती आणि बहिणीला याच लोकांत राहायचं होतं.

देव आणि विज्ञान एकत्र नांदतात का, हा प्रश्न आमच्या कृष्णाकाठाला नवा नाही. आगरकर 1856 साली कराडजवळच्या टेंभूत जन्मले आणि देवाच्या अस्तित्वावर शंका घेत चाळिशीच्या आत गेले. आज टेंभू म्हटलं की आगरकर नव्हे, उपसा सिंचन योजना आठवते. आटपाडी-खानापूरच्या कोरड्या शिवारात ते पाणी पोचलं की बायका ओटी भरतात, नारळ फुटतो. पण पाणी नारळाने चढलं असं कुणी म्हणत नाही. वीजबिल पंपाचंच येतं. मिरजेत विल्यम वानलेस या मिशनरी सर्जनने 1894 साली रुग्णालय उघडलं. त्यांना प्रार्थना आणि चाकू एकमेकांच्या आड आले नाहीत. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी शास्त्रं कोळून पिऊन मानवेंद्रनाथ रॉयांच्या वाटेला लागले आणि पुढे विश्वकोशाचा संसार थाटून बसले. हे सगळं मी वाचलेलं. वाचलेल्या माणसांशी भांडता येत नाही. मी भांडलो ते नव्वदच्या दशकात.

तेव्हा माझी विशी होती, सांगलीत कॉलेज होतं आणि घर साताऱ्याला. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. पहाटे अंघोळ, सोवळं, अथर्वशीर्ष, मग सायकलवरून प्रयोगशाळा. माझ्या मते हे सरळसरळ ढोंग होतं. मित्रांच्या टोळक्यात मी त्यांना 'अर्धवेळ शास्त्रज्ञ' म्हणत असे. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं. काही बोलले नाहीत. महिन्याची मनीऑर्डर मात्र वेळेवर आली.

त्याच दिवसांत डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 'विवेकजागराचा वाद-संवाद' गावोगाव होत होता. दोघं जन्माने सातारचे, दोघं डॉक्टर, दोघं नास्तिक. लागू म्हणत, देव ही कल्पना आता निवृत्त करा, तिच्यापायी माणसाचं फार नुकसान झालंय. दाभोलकर मिरजेला डॉक्टर झालेले, कबड्डीच्या मैदानात मुरलेले. 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली, तेव्हापासून त्यांची भूमिका ठरलेली होती: समितीचा देवाला आणि धर्माला विरोध नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आणि फसवणुकीला आहे. मी हा कार्यक्रम एकदाच ऐकला, मागे भिंतीला टेकून. लागूंच्या वाक्यावाक्याला टाळ्या वाजवल्या. दाभोलकर मला धूर्त वाटले. स्वतः देव मानत नाही आणि मानणाऱ्यांना दुखवतही नाही, म्हणजे ही कबड्डीतली हूलच, असं मी परतीच्या एसटीत शेजारच्याला ऐकवलं. तो झोपला होता.

मग तो गुरुवार उजाडला. 21 सप्टेंबर 1995. पितृपंधरवडा चालू होता आणि मी घरी आलो होतो. सकाळी दिल्लीकडची बातमी आली आणि दुपारपर्यंत आमच्या आळीतल्या देवळापुढे रांग लागली. वाट्या, तांबे, कुणाच्या हातात बाळाची दुधाची बाटली. मूर्ती संगमरवरी. चमचा काठोकाठ भरून सोंडेला टेकवला की दूध खरंच कमी व्हायचं. मी पाहिलंय. मी हसत होतो, टोमणे मारत होतो, आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

अण्णा शाळेतून आले, चपला काढल्या, रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर आधी नमस्कार केला. मग खिशातून पुडी काढून चमच्यातल्या दुधात चिमूटभर कुंकू कालवलं. चमचा टेकवला. सोंडेखालून, पोटावरून, थेट पायापर्यंत लाल रेघ उतरली. पांढऱ्या दगडावर पांढरं दूध कुणाला दिसत नव्हतं, एवढंच. वर्गात सांगत तशा सुरात त्यांनी सांगितलं, की काठोकाठ भरलेल्या चमच्यातलं दूध काठाच्या वर फुगलेलं असतं, दगडाला टेकलं की पृष्ठताण त्याला बाहेर ओढतो, पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. "चमचा असा धरलात तर मारुतीही पिईल," म्हणाले.

रांगेतल्या एक मावशी चिडल्या. "सर, तुमची श्रद्धा नाही का?"

अण्णा पंच्याने मूर्तीचं पोट पुसत होते. म्हणाले, "आहे ना. म्हणून तर पुसतोय. मुंग्या लागतील."

आळी हसली. रांग लगेच मोडली नाही, पण मागचे चार-पाच जण वाट्या घेऊन घरी गेले. संध्याकाळच्या आरतीला अण्णा नेहमीच्या जागी होते.

पुढची वर्षं भराभर सांगतो. 2000 साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्या म्हणून सत्याग्रह झाला. त्यात लागू, दाभोलकर आणि वाळव्याकडचे एन. डी. पाटील होते. 25 जानेवारी 2005 रोजी मांढरदेवीला नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली, मग दुकानं पेटली. सुमारे तीनशे माणसं गेली. 2008 साली जयंत नारळीकरांनी समितीच्या मदतीने ज्योतिषाची परीक्षा घेतली. हुशार आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका वेगळ्या करून दाखवायच्या होत्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहिल्या, बरोबर आल्या सुमारे 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्म्या आल्या असत्या. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर तब्बल अठरा वर्षं झगडले, आणि तेवढी वर्षं वारी बंद पडणार ही आवई उठवणारे उठवत राहिले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात एका पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. डिसेंबरात कायदा झाला. त्यात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन हे सगळं स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. आवई उठवणाऱ्यांपैकी कुणी माफी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दाभोलकरांच्या खुनाबद्दल 2024 साली दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

आणि म्हैसाळ. जून 2022, मिरजेपासून हाकेच्या अंतरावर. एकाच कुटुंबातले नऊ जण मृतावस्थेत सापडले. आधी कर्जापायी आत्महत्या वाटली. गुप्तधनाच्या नादाला लावून मांत्रिकाने विष दिलं, असं पोलिसांनी तपासानंतर सांगितलं. घरातला एक भाऊ शिक्षक होता, दुसरा जनावरांचा डॉक्टर. विज्ञान शिकलं की माणूस आपोआप शहाणा होतो, हे विशीतलं माझं गृहीतक होतं. ते मी त्या दिवशी सोडलं.

अण्णांनी देवाला कधी विज्ञानाचा दाखला आणायला लावला नाही. अथर्वशीर्षाने रक्तदाब उतरतो असं ते म्हणाले असते, तर मीटर लावून मोजूनही पाहिलं असतं. ते म्हणायचे, मला बरं वाटतं. विषय संपला. आजच्या भक्ताला बरं वाटून भागत नाही. त्याला आलेख लागतो. श्रद्धा एवढी पातळ झाली आहे की तिला क्वांटमचं ठिगळ लावावं लागतं, आणि विज्ञान एवढं स्वस्त की ते ठिगळ म्हणून मिळतं.

व्याख्यान संपल्यावर खिचडी खाऊन मी जिन्यात वक्त्यांना गाठलं. उशिरा का होईना, विचारलं, "त्या आलेखात उभ्या अक्षावर काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमची श्रद्धा नाही का?"

तीस वर्षांनी तोच प्रश्न, शब्दही तेच. मी खरं ते सांगितलं. "नाही."

"मग तुम्हाला नाही कळायचं," ते समाधानाने म्हणाले आणि लिफ्टचं बटण दाबलं.

दाभोलकरांनी श्रद्धावानांसाठी दार का उघडं ठेवलं होतं, ते मला त्या जिन्यात कळलं. ती हूल नव्हती. माझा प्रश्न 'नाही'पाशी संपतो. 'आहे ना' म्हणून पुढे बोलणारा माणूस त्यांना हवा होता. आमच्या घरात तो होता, आणि मी त्याला अर्धवेळ म्हणत होतो.