वरातीतलं गाणं नेमकं कुणाचं?

तलवाडा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं त्वरिता देवीचं गाव. समजा, इथल्या एखाद्या पोराने स्वतःच्या हिमतीवर छोटा सिनेमा काढायला घेतला आणि लग्नसराईत वरातीसमोर कॅमेरा लावला. घोड्यावर नवरदेव, पुढे डीजे, डीजेवर एखादं गाजलेलं सिनेमाचं गाणं. ते वाजवण्यासाठी वरातवाल्यांना कुणाची परवानगी लागू नये, अशी सोय १९५७च्या कॉपीराइट कायद्यात आहे. ५२व्या कलमात धार्मिक विधींना सूट दिली आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात लग्नाच्या वरातीचा चक्क नावानिशी उल्लेख आहे. कायदा लिहिणाऱ्यांना वरात आठवली, याचं मला फार कौतुक वाटतं. (हॉटेलांतल्या लग्नांवरून तरीही कोर्टात भांडणं होतात, तो वेगळाच तमाशा.) पण तेच गाणं, त्याच गल्लीत, त्याच क्षणी आपल्या पोराच्या कॅमेऱ्यात शिरलं की ही सूट त्याच्या कामाची नाही. सिनेमात ते ऐकवायचं तर परवानगी हवी.

आणि परवानगी एका गाण्याची नसतेच, कारण कायद्याला तिथे एक गाणं दिसतच नाही. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि स्पीकरमधून ऐकू येतं ते ध्वनिमुद्रण तिसऱ्याच कुणाचं तरी, बहुधा कंपनीचं. शब्द आणि चाल चित्राला जोडण्याच्या हक्काला या धंद्यात ‘सिंक’ म्हणतात, ध्वनिमुद्रणाच्या हक्काला ‘मास्टर’. सिनेसंगीतात हे दोन्ही हक्क पुष्कळदा एकाच कंपनीकडे असतात. नसले, तर दोन दारं ठोठावावी लागतात.

आता डीजे काढा आणि त्या जागी बँड आणा. चमत्कार बघा. मास्टरचा प्रश्न मिटला, कारण कुणाची रेकॉर्ड वाजतच नाही. क्लॅरिनेटला शब्द नसतात, म्हणजे गीतकारही सुटला. उरली फक्त चाल. मात्र तिच्याबरोबर एक नवा हक्कदार उगवतो, तो म्हणजे क्लॅरिनेट वाजवणारा. आपल्या वादनावर कलाकाराला ५० वर्षं हक्क असतो, त्यामुळे बँडवाल्यांची सही घ्यायलाच हवी. चौकातला पुतळा मात्र चौकटीत खुशाल येऊ द्या. सार्वजनिक जागी कायमची उभी असलेली शिल्पं सिनेमात दाखवायला त्याच ५२व्या कलमाने मोकळीक दिली आहे. डोळ्यांना दिलेली ही सवलत कानांना नाही. जाणती मंडळी म्हणूनच शूटिंगला पोरांना नुसत्या ठेक्यावर नाचवतात आणि खरं गाणं नंतर संकलनात बसवतात.

बरं, गाणी नकोतच, जात्यावरच्या ओव्या घेऊ, असं त्या पोराला वाटेल. जिल्ह्यातल्याच माजलगावातल्या बायकांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात नोंदल्या गेल्या आहेत. या प्रकल्पाने गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ओवीला मालक नाही हे खरं, पण गाणाऱ्या बाईच्या गळ्याला आहे आणि त्या ध्वनिमुद्रणालाही आहे. मग सरळ गावातल्याच एखाद्या आजीकडून ओवी गाऊन घ्यावी, तिला मानधन द्यावं आणि कागद करावा. माझ्या मते सिनेमाही त्यानेच चांगला होईल.

नवं गाणं करून घेणं हा तर उत्तमच मार्ग. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मधला शाहीर नारायण कांबळे गातो, त्या सिनेमाचं संगीत संभाजी भगतांचं आहे. ज्याच्या तोंडी गाणं शोभेल असा माणूस आधी उभा केला आणि गाणं जिवंत शाहिराकडून आणलं. विकत घेतलेलं गाणं इतकं अंगाला बसलं असतं का, शंकाच आहे. घ्यायचंच असेल तर पैसे कमी असणारे आधी फक्त महोत्सवांपुरती परवानगी मागतात, ती स्वस्त पडते. पण सिनेमा पुढे ओटीटीवर विकला गेला की पुन्हा त्याच दारात जावं लागतं, आणि तेव्हा समोरच्याला आपली गरज कळलेली असते.

सगळ्यात गंमत संतांच्या नावावर होते. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, त्यात वाद नाही. पण प्रभातच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’मधला ‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकोबांचा नाहीच! तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला, आणि इतका अस्सल उतरला की आजही अनेकांना तो गाथेतलाच वाटतो. त्या सिनेमातल्या मूळ ध्वनिमुद्रणाची मुदत केव्हाच उलटली, कारण ती प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात. शब्दांची मुदत मात्र कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मग हक्क कुणाच्याही ताब्यात असोत. आठवले १९७५ साली गेले. म्हणजे पडद्यावर विष्णुपंत पागनीस गातात तो आवाज मोकळा झाला, पण त्या आवाजातले शब्द १ जानेवारी २०३६ला मोकळे होतील. केशवराव भोळ्यांच्या चालीचा हिशेब आणखी वेगळा मांडायचा.