नाव चालली माहेराला

नांदेडहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे आमचे नायगाव. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची इथल्या लोकांना सवय, नावेची नाही! त्यामुळे चौदा फुटी फायबरची जुनी नाव दोन चाकांच्या गाड्यावर चढून आमच्या अंगणात उभी राहिली, तेव्हा आळीतल्या पोरांनी ‘ही कोणत्या मिरवणुकीची?’ असे विचारले. वाचकहो, ही नाव दिवाळीनंतर उत्तरेला, पैनगंगेवरच्या इसापूर धरणावर जायची आहे.

बेत मुळात पक्षी पाहण्याचा होता. पण १९८२ साली हे मातीचे धरण झाले आणि नदीकाठची गावे उठली, त्यांत आमच्या आजीचे माहेर होते. वर नवे गावठाण वसले. जुने पाण्याखाली गेले. नाव पाहून आजी म्हणाली, “मला बी ने की रे, बाळा. चाळीस वर्सं झाली, दिवाळीला म्हायेरी गेले न्हाई.” एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला पाण्यावर न्यायचे म्हणजे पोरखेळ नव्हे. तेव्हापासून तयारीचा नूरच पालटला.

आधी गाडा. वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे जीपच्या हुकावर यावा लागतो; मागे भार झाला तर गाडा हमरस्त्यावर शेपूट हलवू लागतो. चाकांच्या बेअरिंगमध्ये ताजे ग्रीस भरले. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे टाकून धरणावर पोचेपर्यंत ती चांगलीच तापणार. तशीच पाण्यात घातली तर थंड होताना पाणी आत ओढतात, म्हणून काठावर अर्धा तास थांबायचे. तेवढ्यात चहा होतो. थंड मुलुखातली माणसे अशीच नावा ओढीत उत्तरेच्या सरोवरांवर जातात. त्यांना धास्ती गार पाण्याची, आम्हाला काळ्या मातीची. ओल्या काठावर चाक रुतले की बैलजोडीच हवी. चार जाड फळ्या बरोबर घेतल्या आहेत.

खरी अडचण निराळीच होती. गाव नेमके कुठे आहे? पाण्यावर खूण नाही, आणि दिवाळीच्या सुमारास जलाशय भरलेला. मागच्या महिन्यात मी मुद्दाम तिकडे जाऊन आलो. जलाशयाचा काही भाग पक्षी अभयारण्यात मोडतो, म्हणून वनखात्याकडे रीतसर अर्ज केला आणि परवानगी घेतली. मग काठावरच्या म्हाताऱ्या भोयांना गाठले. सरकारी नकाशापेक्षा त्यांची जाळी अधिक जाणती! कुठे चिंचेचे खोड आहे, कुठे देवळाची भिंत, हे फाटलेल्या जाळ्यांवरून त्यांना पाठ. एकाने सुतळीला दगड बांधून, हात हात मोजीत तळ दाखवला. एका जागी दगड चार हात अलीकडेच टेकला. “हितं मरीआईचं देऊळ,” तो म्हणाला. मी समोरच्या दोन टेकड्यांची रेघ वहीत काढून घेतली. अशा ठिकाणी इंजिनाचा पंखा अडकायची भीती, म्हणून शेवटचे अंतर वल्ह्यांनीच कापायचे आणि पुढे तोच भोई बसायचा.

सकाळी सात ते दहा एवढीच वेळ धरली आहे. पुढे वारा सुटला की उघड्या पाण्यावर लाटा उठतात. पेट्रोल जायला एक हिस्सा, यायला एक, शिलकीत एक. तरंगती जाकिटे सहा. आमच्या सौ. ना ते रंग मुळीच पसंत नाहीत. आजीने मात्र पदर खोचून, पट्टे आवळून घेऊन अख्खी संध्याकाळ त्यातच भाजी निवडली.

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी पहाटे तीनला निघायचे. आजीने मरीआईच्या ओटीचे गाठोडे बांधले आहे: खण, नारळ, तांदूळ, शिवाय भोयांच्या पोरांसाठी करंज्या. नावेतल्या प्रत्येक वस्तूचे वजन मी मांडतो, तसे तेही काट्यावर ठेवले. साडेचार किलो भरले. मी दहा धरून ठेवले होते, म्हणून करंज्या थोड्या वाढवायला सांगितल्या.