कन् आणि कान : अवयववाचक शब्दांविषयी एक टिपण

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव, झरी जामणी ह्या तालुक्यांतील पोडांवर राहणाऱ्या कोलामांची कोलामी ही द्राविडी कुलातील भाषा होय. मरे एमेनो ह्यांनी तिचे वर्णनात्मक व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध केले. त्यातील शब्दसंग्रह चाळताना मराठी वाचक एका शब्दापाशी हटकून अडखळतो. कोलामीत ‘कन्’ म्हणजे डोळा.

मराठी ‘कान’ हा संस्कृत ‘कर्ण’ पासून आलेला. कोलामी ‘कन्’ हा तमिळ ‘कण्’, तेलुगू ‘कन्नु’ ह्यांचा सख्खा भाऊ. गोंडीतही ‘कन्’ डोळाच. दोहोंत भेद काय तो स्वराच्या ऱ्हस्वदीर्घत्वाचा. आणि घाईत ऐकणारा कान ओळखीच्याच शब्दाकडे धावतो. कानाला कोलामीत ‘केव्’ म्हणतात. तेलुगू ‘चेवि’, कानडी ‘किवि’ हे त्याचेच आप्त असून, तेलुगूत ज्याचा ‘च’ झाला तो मूळ ‘क’ कोलामीने राखला आहे. ‘तल्’ चे उदाहरण तर अधिकच मौजेचे. कोलामी ‘तल्’ म्हणजे डोके; मराठी ‘तळ’ आपल्याला थेट तळपायाशी नेतो!

वैद्यकात मात्र ही मौज राहत नाही. १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका बेशुद्ध तरुणाच्या आप्तांनी ‘इंतोक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. त्यांना खाण्यातून झालेली बाधा अभिप्रेत होती. डॉक्टरांनी इंग्रजी ‘इन्टॉक्सिकेटेड’ च्या वळणाने अमली पदार्थांचे अतिसेवन असा अर्थ घेतला. मेंदूतील रक्तस्राव वेळीच ध्यानी न आल्याने तो तरुण हातापायांनी कायमचा पंगू झाला. तेथे शब्द अनोळखी नव्हता, ओळखीचा वाटला, हेच अनर्थाचे मूळ.

बहुतेक कोलाम मराठी जाणतात, हे खरे. परंतु वेदनेच्या भरात मनुष्य घरच्या भाषेकडे वळतो. म्हणून रुग्णाला दुखरी जागा बोटाने दाखवावयास सांगणे इष्ट. मात्र ही युक्ती बाह्य अवयवांपुरतीच. आतील अवयवांच्या बाबतीत आपण मराठी भाषक तरी कोठे निःशंक आहोत? ‘काळीज’ चा संबंध संस्कृत ‘कालेयक’ शी, म्हणजे यकृताशी जोडला जातो. पण काळजात कळ आली म्हणणारा रुग्ण हात ठेवतो छातीवर. आणि खाटकाकडे कलेजी मागणारा तोच गृहस्थ यकृत घेऊन घरी जातो.