मागें पडलेलें मूल आणि पडवींतला लहान वर्ग

एकत्र कुटुंबांत पांच-सहा मुलें एका पंक्तीला जेवतात, एकाच अंगणांत खेळतात. परंतु अभ्यासाला बसलीं म्हणजे त्यांतील एखादें मागें पडतें. हातीं चौथीचें पुस्तक असतें, पण जोडाक्षर आलें कीं तें अडखळतें. मग आजोबा त्याला थोरल्या भावाचा दाखला देतात, काका ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतात आणि आई मनांतल्या मनांत कष्टी होते. हा दोष मुलाच्या बुद्धीचा असतो काय? बहुतेक वेळां नसतो. मागल्या इयत्तेंत जी पायरी निसटली ती कोणीं भरून काढली नाहीं आणि वर्गाचा पाठ मात्र पुढें गेला, एवढेंच घडलेलें असतें.

ही एकाच घराची गोष्ट नव्हे. २००५ पासून ‘असर’ या नांवानें खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी होत आली आहे. अलीकडच्या पाहण्यांत देशांतील पांचवीच्या सुमारें निम्म्या मुलांना दुसरीच्या तोडीचा मजकूर सुरळीत वाचतां आला नाहीं.

यावर एक उपाय आपल्या मुंबईंतच कसोटीला लागला, तो प्रत्येक गृहिणीनें समजून घेण्याजोगा आहे. डॉ. माधव चव्हाण व फरीदा लांबे यांच्या ‘प्रथम’ संस्थेनें ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तींतलीच, माध्यमिक शिक्षण झालेली तरुणी. तिला थोड्या दिवसांचें शिक्षण देऊन तिसरी-चौथींतील मागें राहिलेलीं पंधरा-वीस मुलें तिच्याकडे सोंपवीत. रोज दोन तास ती त्यांच्याकडून पहिली-दुसरीचेंच वाचन व गणित करून घेई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आदि अर्थशास्त्रज्ञांनीं मुंबई व बडोदें येथें २००१ ते २००३ या काळांत या उपक्रमाची परीक्षा केली व २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. याच दोघांना २०१९ सालीं मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

त्या निष्कर्षांतून तीन बोध निघतात. सर्वांत दुर्बळ मुलांनाच अधिक लाभ झाला, हा पहिला. दुसरा मोठा मार्मिक आहे: हीं मुलें बाहेर गेल्यामुळें मूळ वर्ग लहान झाला, तरी तेथें उरलेल्यांची म्हणण्यासारखी प्रगती झाली नाहीं. म्हणजे नुसती संख्या घटवून भागत नाहीं. मूल जेथें अडलें तेथूनच शिकवावें लागतें. तिसरा बोध सावधगिरीचा. शिकवणें थांबल्यावर वर्षभरांत त्या लाभाचा बराच भाग ओसरला.

हाच वर्ग देवगड तालुक्यांतील मिठबावसारख्या गांवीं घराच्या पडवींत भरवितां येईल. येथें एक अडचण निराळी आहे. घरीं मालवणींत ‘झील’ आणि ‘चेडू’ म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकांत ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ भेटतात. तेव्हां त्याच्या बोलीला हंसूं नये; उलट त्याच्याच तोंडची गोष्ट ऐकून ती पाटीवर लिहावी व त्याच्याकडून वाचवून घ्यावी.

आरंभीं इयत्ता विसरून परीक्षा घ्यावी. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, लहानशी गोष्ट, यांपैकीं मूल कोठें थांबतें तें पाहावें आणि एका पायरीवरचीं पांच-सहा मुलें एकत्र बसवावींत. त्यांत शेजारचींही असावींत. आपल्यासारखेंच दुसरेंही अडतें हें दिसलें म्हणजे मुलाची लाज जाते. तासाभरांत थोडें मोठ्यानें वाचन, थोडें लेखन व थोडा हिशेब असावा. दहा-दहा काजूबियांच्या पुरचुंड्या बांधल्या कीं दशक-एकक डोळ्यांना दिसतें, हातचा घेणेंही उमगतें. महिन्यानें पुन्हां तीच परीक्षा घ्यावी आणि जें मूल पुढें गेलें त्याला वरच्या पायरीवर बसवावें.

शिकवावें कोणीं? शाळेंतील शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मनाई आहे. परंतु घरांत निवृत्त आजोबा असतात, शिकलेली सून असते, मे महिन्यांत मुंबईहून येणारी महाविद्यालयीन आतेबहीण असते. बिहारांत २००८ सालीं महिनाभराच्या उन्हाळी शिबिरांनींही मुलांचें वाचन सुधारलें होतें. मात्र पाहुणी परतल्यावर तो तास बंद पडूं देऊं नये; घरच्या कोणीतरी तो चालवावा.

प्रामाणिकपणें दोन-तीन महिने शिकवूनही अक्षरें उलटसुलट होत राहिलीं, तर रागावूं नये. डोळे व कान तपासून घ्यावे आणि अध्ययन-अक्षमता आहे काय, हें तज्ज्ञांना विचारावें. आणि तोंवर पंक्तींत कोणीं त्याची दुसऱ्या भावंडाशीं तुलना करूं नये, एवढें वडीलधाऱ्यांनीं आजपासूनच पाळावें.