अर्धशिशी: "नुसतं डोकंच दुखतंय" असं म्हणून सोडू नका



बोटीवर कुणाचा हात कापला की सगळे धावतात, कारण रक्त दिसतं. पण डोकं धरून कोपऱ्यात बसलेल्या खलाशाला "कामचुकार" हा शब्द ऐकावा लागतो. बाजारात मासळी विकणाऱ्या आपल्या बायकांचंही तेच. डोक्याला फडकं बांधून, उलटी दाबून त्या गिऱ्हाइकाशी बोलत असतात. म्हणून आज अर्धशिशीबद्दल, म्हणजे डॉक्टर ज्याला मायग्रेन म्हणतात त्याबद्दल, थोडं सविस्तर.

🔹 साधी डोकेदुखी की अर्धशिशी?

ताणाने डोकं दुखतं तेव्हा डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, पण माणूस कामाला उभा राहू शकतो. अर्धशिशीत बहुतेक वेळा डोक्याची एक बाजू ठणकते. चाललं, वाकलं, जाळं ओढलं की ठणका वाढतो. मळमळतं, उलटी होते. ऊन, आवाज, वास नकोसा होतो. औषध घेतलं नाही तर हे 4 ते 72 तास चालतं. नाव अर्धशिशी असलं तरी काहींचं पूर्ण डोकं दुखतं. बरेच जण सायनस किंवा चष्म्याचा नंबर समजून वर्षं काढतात.

हा बहाणा नाही आणि कुणाची दृष्टही नाही. मेंदू आणि डोक्यातल्या मज्जातंतूंचा हा आजार आहे. पुष्कळदा तो घराण्यात असतो. बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास तिप्पट, आणि पाळीच्या दिवसांत त्रास वाढतो.

🔹 तांडेल मंडळींनी हे नीट वाचा

काहींना दुखणं सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते. साधारण चौघांपैकी एकाला दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकती नागमोडी रेघ दिसते, नजरेत एक डाग येतो, हाताला किंवा तोंडाला मुंग्या येतात. हे 5 मिनिटांपासून तासभर टिकतं. समोरच्या बोटीचा दिवा नेमका त्या डागात लपू शकतो. असं झालं तर सुकाणू लगेच दुसऱ्याच्या हातात द्या. विंचजवळही थांबू नका. यात कमीपणा काही नाही, बोटीवर सात-आठ जणांचे जीव असतात.

🔹 आपल्या धंद्यात अर्धशिशी कशाने चाळवते?

• रात्रभर जागरण, मग दिवसा अर्धवट झोप
• सकाळपासून पोटात फक्त चहा
• उन्हात घाम जातो, पाणी मात्र कमी प्यायलं जातं
• पाण्यावरून डोळ्यांत येणारी चमक
• डिझेलचा धूर, इंजिनाचा आवाज
• दारू

प्रत्येकाचं कारण वेगळं. वहीत तारीख, झोप, जेवण, किती तास दुखलं आणि कोणती गोळी घेतली एवढं लिहा. दोन महिन्यांत आपलं कारण आपल्याला कळतं. टोपी, काळा चष्मा, वेळेवर दोन घास आणि हाताशी पाण्याची बाटली, एवढ्यानेही अनेकांचा त्रास कमी होतो.

एक गोष्ट वेगळी. केबिनमध्ये तीन-चार जणांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर ती अर्धशिशी नव्हे. इंजिनाचा किंवा चुलीचा विषारी वायू आत कोंडलेला असू शकतो. त्याला वास नसतो. सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत काढा, मग पुढचं बघा.

🔹 गोळ्यांचा फास

दुकानातून गोळी घेतली, बरं वाटलं, उद्या परत घेतली. महिन्यातले 15 दिवस किंवा जास्त साध्या वेदनाशामक गोळ्या तीन महिन्यांहून अधिक चालल्या, तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखायला लागतं. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांना तर महिन्याला 10 दिवसही पुरतात. रिकाम्या पोटी आणि पाणी न पिता घेतलेल्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या पोट आणि किडनी बिघडवतात.

डॉक्टरकडे अर्धशिशीची वेगळी औषधं असतात. दुखायला लागताच घेतली तर ती जास्त लागू पडतात. त्यांतली काही हृदयविकार असलेल्यांना चालत नाहीत, म्हणून शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नका. महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस दुखत असेल तर अटॅकच येऊ नये म्हणून रोजची औषधं मिळतात, त्याबद्दल विचारा. डोळ्यांसमोर रेघा दिसणाऱ्या बायकांनी गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो, सिगारेट ओढणाऱ्यांना तर आणखीच.

🔴 इथे थांबायचं नाही

• डोकं क्षणात, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं दुखणं
• तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं
• तापाबरोबर मान ताठ होणं
• डोक्याला मार लागल्यावर दुखणं, गुंगी येणं
• पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू होणं

पन्नाशीनंतर सुरू झालेलं दुखणं त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. बाकीच्या लक्षणांत किनाऱ्यावर असाल तर 108, समुद्रात असाल तर व्हीएचएफ चॅनल 16 किंवा तटरक्षक दलाचा 1554. जाळं नंतर ओढता येईल.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. जाळी शिवायला बसाल, तेव्हा एक दिवस वही घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा. तिथून गरज पडली तर बांबोळीला मेंदूविकार विभागात पाठवतात. आणि घरात कुणी खोली अंधारी करून पडलं असेल तर टीव्हीचा आवाज कमी करा, पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. त्या वेळी तेच मोठं औषध.

आपल्या बोटीवरच्या मंडळींना हे वाचून दाखवा.

— सचिव