जवळचं बंदर कोणतं? शीटमध्ये असं काढा



वादळाचा इशारा आला की पहिला प्रश्न एकच. बोट आत्ता जिथे आहे तिथून जवळचं बंदर कोणतं? आपलं नव्हे, जवळचं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी देवगडला आसऱ्याला शिरल्या होत्या. बडोद्यात ऑफिसात बसून आम्हाला समुद्र दिसत नाही, पण तांडेलाने वायरलेसवर आकडे सांगितले तर मोबाईलवरच्या शीटमध्ये उत्तर लगेच निघतं.

आधी आकडा नीट लिहा. जीपीएसवर २० अंश ३०.६ मिनिटं दिसलं तर ते २०.३०६ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं, ०.५१ येतं, म्हणून शीटमध्ये २०.५१. फरक छोटा वाटतो, पण तो १२ सागरी मैलांचा आहे. रात्री शोधायला गेलेली बोट १२ मैल चुकली तर काय होतं, हे घरच्यांना सांगायला नको.

आता अंतर. अक्षांशांतला फरक गुणिले ६०, झाले उत्तर-दक्षिण मैल. रेखांशाला मात्र नुसते ६० चालत नाहीत, कारण उत्तरेकडे जावं तशा रेखांशाच्या रेघा जवळ येतात. बडोद्याच्या अक्षांशावर एक अंश साधारण ५५.५ मैलच भरतो. म्हणून ६० ने गुणून वर अक्षांशाच्या 'कॉस'नेही गुणायचं. कॉसच्या आत 'रेडियन्स' लावायलाच हवं. २० अंशाचा कॉस ०.९४ आहे, रेडियन्स विसरलात तर शीट ०.४१ देतं आणि बंदर उगाच जवळ दिसतं! मग दोन्ही आकड्यांचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. आपल्या पट्ट्यात एवढं पुरतं.

नमुना म्हणून बोट २०.४०, ७१.९० वर धरू. जाफराबाद (२०.८७, ७१.३७) सुमारे ४१ मैल, दमण (२०.४१, ७२.८३) ५२, डहाणू (१९.९७, ७२.७२) ५३. बोट डहाणूची असली तरी तोंड जाफराबादकडे.

बोटी बऱ्याच असतील तर त्या उभ्या लिहा, बंदरं वरच्या ओळीत आडवी, आणि सूत्र ओढा. डॉलरचं चिन्ह लावून बंदरांची ओळ आणि बोटींचे रकाने पक्के करा, नाहीतर ओढताना सरकतात. 'मिन' सगळ्यात कमी आकडा देतं, 'इंडेक्स' आणि 'मॅच' मिळून बंदराचं नाव.

पण शीटला जमीन कळत नाही. घोघा-दहेज पाण्यातून ३० किलोमीटरच्या आसपास, रस्त्याने आखाताला वळसा घालून ३०० च्या वर. मासळीचा ट्रक ठरवताना हे सूत्र वापरू नका. उलटही होतं, सौराष्ट्राच्या पलीकडचं बंदर सरळ रेषेत जवळ दिसेल, पण रेष जाते जमिनीवरून. खंभातच्या आखातात तर ओहोटीला जवळचं बंदरही गाळात जातं, तेव्हा भरतीची वेळ तांडेलालाच विचारा.

बंदराचे आकडे गावाच्या नकाशावरून घेऊ नका, बोट बंदराच्या तोंडाशी असताना जीपीएसवरचे घ्या.