बंद दाराची गोडी

कंधारचा अगर उदगीरचा किल्ला पाहतांना एखादें बंद दार दिसलें म्हणजे पाऊल अडतें. पलीकडे काय असेल, हा विचार घरीं परतल्यावरही मनांतून जात नाहीं. हीच जिज्ञासा संगणकावरील कांहीं खेळांचा प्राण होय. त्यांत आपला गडी पडद्यावर डावी-उजवीकडे व वर-खालीं फिरतो. आरंभीं एखादा उंच कडा त्याच्यानें चढवत नाहीं. पुढें नवी शक्ति लाभली कीं मागें येऊन तोच कडा चढावयाचा असतो. म्हणून पाहिलेलें लक्षांत ठेवणें हें येथील खरें कौशल्य. १९८६ सालीं जपानांत निघालेल्या ‘मेट्रॉइड’नें ह्या रीतीचा पाया घातला.

नवशिक्यानें ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’ (२०१५) ह्या मनोहर चित्रांच्या खेळापासून आरंभ करावा. अंगीं धीर असेल त्यानें ‘हॉलो नाइट’ (२०१७) घ्यावा. तेथें प्रदेशाचा नकाशा आयता मिळत नाहीं. नकाशे विकणारा शोधून तो विकत घ्यावा लागतो. तोंवर वाट मनांतच आखावयाची.

पालकांनीं वेळेची मर्यादा अवश्य घालावी. परंतु मूल अडलें तर उत्तर सांगूं नये, उद्यां पुन्हां त्याच दाराशीं जाऊं द्यावें.